वालचंद हिराचंद : मोटार आपली, बेअरिंग कुणाचे?

मुंबईहून नागपूरकडे जाणारा जुना महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात शिरला की मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे एकामागून एक लागतात. या पट्ट्यातील एखाद्या वाड्यात आजही वडिलांनी हौसेने घेतलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ ताडपत्रीखाली जपून ठेवलेली आढळते. दसऱ्याला तिला हार घातला जातो, सणासमारंभाला ती रस्त्यावर काढली जाते. मग एखाद्या दिवशी पुढच्या चाकातून घरघर ऐकू येऊ लागते. वेग वाढला की घरघर वाढते, वळण घेताना तिचा सूर बदलतो. मिस्त्री चाक उचलून हाताने फिरवतो, हलवून पाहतो आणि बेअरिंग गेल्याचे निदान करतो. निदानाला दोन मिनिटे पुरतात. खरा प्रश्न नवे बेअरिंग कोठून आणायचे हा असतो. गावात मिळाले नाही तर अकोला, तेथे नाही तर मुंबईतील नागदेवी स्ट्रीट, ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा बाजार. मिळाले तरी ते अस्सल आहे की बनावट, ही शंका उरतेच.

हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या या पोलादी कड्याचा शोध घेणाऱ्यास सहसा ठाऊक नसते, की या शोधामागे एका मोठ्या माणसाचे अर्धे आयुष्य उभे आहे. ही मोटार ज्या कारखान्यात तयार झाली, त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद. रेल्वे, जहाज, विमान आणि मोटार या चारही वाहनांशी ज्याच्या कर्तृत्वाचा संबंध आला, असा दुसरा उद्योगपती महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. यंत्र विकत घेता येते, परंतु त्याचे सुटे भाग ज्याच्या हाती, त्याच्याच हाती त्या यंत्राचे भवितव्य असते, हा धडा त्यांना या प्रवासात पुन्हा पुन्हा मिळाला.

सोलापूर ते बार्शी

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातचे, परंतु व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन येथलेच झालेले. वडील हिराचंद नेमचंद हे कापूस आणि सावकारीच्या व्यवहारात स्थिरावलेले, तसेच जैन समाजातील सुधारक म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ होते. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंद यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या आई निवर्तल्या. सोलापुरातील शालेय शिक्षणानंतर मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे ते काही काळ शिकले. पण पदवीपर्यंत न पोहोचता घरच्या व्यापारात परतले.

पेढीवर बसून व्याज मोजण्यात या तरुणाचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मण बळवंत फाटक त्यांना भेटले आणि आयुष्याने वळण घेतले. फाटकांना रेल्वेच्या कामाची खडान्‌खडा माहिती होती, वालचंद यांच्यापाशी भांडवल उभे करण्याची क्षमता आणि धाडस होते. बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम या जोडीने घेतले. अडीच फूट रुंदीच्या या रुळांवरून पुढे पंढरीचे लाखो वारकरी गेले. सावकाराच्या मुलाने ठेकेदारीत उतरावे हे त्या काळी घरंदाजपणास साजेसे मानले जात नसे. वालचंद यांनी त्याची फिकीर केली नाही.

बांधकामाच्या या व्यवसायातूनच पुढे मोठमोठी कामे आली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामे झाली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल ही या काळातील गाजलेली कामे. डोंगर फोडताना, पुलाचे गर्डर चढवताना यंत्रे सतत लागत, आणि ती जवळजवळ सगळीच परदेशी असत. यंत्र बंद पडले की काम थांबे; भाग विलायतेहून येईपर्यंत आगबोटीची वाट पाहावी लागे. ठेकेदाराला दिवसाचा खोळंबा रुपयांत मोजावा लागतो. यंत्राच्या किमतीपेक्षा ते बंद पडण्याची किंमत अनेकदा मोठी असते, हे व्यवहारज्ञान अशा कामांवरच मिळते.

‘लॉयल्टी’चा धडा

पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या समुद्री व्यापारावर ब्रिटिश कंपन्यांची जवळजवळ मक्तेदारी होती. ग्वाल्हेर संस्थानने युद्धकाळात रुग्णनौका म्हणून चालवलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस असल्याचे कळताच वालचंद यांनी ते घेण्याचे ठरवले. नरोत्तम मोरारजी यांच्यासह त्यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या गौरवशाली प्रसंगाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. ‘लॉयल्टी’ हे नवे जहाज नव्हतेच. १८९० साली इंग्लंडमध्ये जलावतरण झालेले, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने प्रवासी वाहतूक केलेले हे जहाज सिंदियाकडे आले तेव्हा जवळजवळ तीस वर्षांचे झाले होते. जुन्या मोटारीच्या मालकाला जो अनुभव येतो, तोच मोठ्या प्रमाणावर सिंदियाला आला. घेताना किंमत आवाक्यात वाटली, चालवताना खर्च आवरेना. अवघ्या चार वर्षांत, १९२३ साली, ‘लॉयल्टी’ मोडीत निघाले.

दरम्यान ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला जेरीस आणले होते. १९२३ साली झालेल्या करारात सिंदियाला टिकाव धरता आला, पण तिच्या वाढीवर मर्यादा पडल्या. जहाज आपल्या मालकीचे असले तरी ते बांधणारी गोदी परक्याची असेल, तर स्वातंत्र्य अपुरे राहते, हा निष्कर्ष यातून निघत होता. पुढे १९४१ साली विशाखापट्टणमला गोदीची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली, तिचे बीज या अनुभवात शोधावे लागते.

खोक्यांतून येणारी मोटार

मोटारीच्या बाबतीत परिस्थिती याहून निराळी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेही त्याच सुमारास हिंदुस्थानात बस्तान बसवले. सुट्या भागांची खोकी आगबोटीने येत, येथील कामगार ती जोडत आणि चकचकीत मोटार दारातून बाहेर पडे. पाहणाऱ्यास वाटे, मोटार मुंबईत तयार झाली. प्रत्यक्षात इंजिन, गिअरपेटी, अक्षदंड, बेअरिंगे हे सारे परदेशीच असे. आगबोट थांबली की कारखाना थांबे.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ साली युरोप-अमेरिकेचा दौरा करून हिंदुस्थानात मोटारीचा खराखुरा कारखाना काढण्याची योजना आखली. तिला प्रत्यक्षात आणणारा उद्योजक म्हणून वालचंद पुढे आले. १९३७ साली अधिकारावर आलेल्या मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाची वृत्ती अनुकूल होती. वालचंद यांनी अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांशी बोलणी केली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्याशी जमले नाही. क्रायस्लर कंपनी मात्र तयार झाली.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. मोटारीचा कारखाना युद्धप्रयत्नास आवश्यक नाही, अशी भूमिका हिंदुस्थान सरकारने घेतली. यंत्रसामग्री आणि परकीय चलन सरकारच्या अनुमतीखेरीज मिळणे अशक्य होते. म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा प्रयत्नही याच कारणाने तडीस गेला नाही. सैन्याला हजारो मोटारी लागत असताना त्या बनवण्याचा कारखाना अनावश्यक ठरावा, यातील विसंगती वालचंद यांना उघड दिसत होती. पण परवानगी देणारा हात त्यांचा नव्हता.

विमान, गोदी आणि दुरुस्ती

मोटारीच्या प्रयत्नात असतानाच १९३९ साली एका विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांच्या जुळणीचे काम पाहत होते. त्या ओळखीतून हिंदुस्थानात विमानाचा कारखाना काढण्याची कल्पना पुढे आली. म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि १९४१ साली तेथे जुळवलेले पहिले विमान आकाशात झेपावले. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकार भागीदार झाले. १९४२ साली जपानी आक्रमणाचे सावट पडताच सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. युद्धाच्या उत्तरार्धात तेथे मुख्यतः मित्रराष्ट्रांच्या विमानांची देखभाल आणि दुरुस्ती होत असे.

नवी विमाने बनवण्याचे स्वप्न पाहिलेल्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल, याचा अंदाज करता येतो. तथापि दुरुस्तीच्या कामाचा एक अनपेक्षित लाभ झाला. विमान पूर्ण खोलून, प्रत्येक भाग तपासून, झिजलेला बदलून ते पुन्हा जोडायचे, ही शिस्त शेकडो भारतीय कारागिरांच्या अंगवळणी पडली. यंत्र जोडणारा कारागीर आणि झीज ओळखणारा कारागीर यांच्यात मोठे अंतर असते. दुसऱ्या प्रकारचे कारागीर असल्याखेरीज सुट्या भागांचा उद्योग उभा राहू शकत नाही.

विशाखापट्टणमच्या गोदीतून ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. कंपनीच्या स्थापनेपासून त्या दिवसापर्यंत जवळजवळ तीन दशके लोटली होती.

कुर्ल्याचा कारखाना

१९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीची स्थापना झाली आणि मुंबईच्या कुर्ला उपनगरात कारखाना उभा राहू लागला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालीच स्थापन झालेली होती, त्यामुळे दोन देशी कंपन्या एकाच वाटेवर होत्या. १९४७ साली, देश स्वतंत्र होत असतानाच, कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही क्रायस्लरची नावे या मोटारींवर होती. डॉज आणि फार्गो या मालमोटारीही होत्या.

या मोटारीही आरंभी परदेशी भागांच्या जुळणीतूनच तयार होत होत्या. म्हणजे जनरल मोटर्सने १९२८ साली जे केले, तेच एका देशी कंपनीने वीस वर्षांनी केले, असा आक्षेप घेता आला असता. वालचंद यांना या आक्षेपाची जाणीव होती. जुळणी ही त्यांच्या दृष्टीने पहिली पायरी होती. १९४९च्या सुमारास कुर्ल्याला सुट्या भागांचे उत्पादन सुरू झाले. पन्नासच्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि अमेरिकन मोटारींच्या मानाने लहान, कमी पेट्रोल खाणारी मोटार येथे बनू लागली. आधी फियाट ५००, मग १९५४ साली फियाट ११००.

ती ११०० मात्र वालचंद यांना पाहता आली नाही. १९४९ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला, १९५० साली ते कारभारातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवले, की सुटे भाग क्रमाक्रमाने देशातच बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच यापुढे मोटारी बनवता येतील. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्या १९५४ साली येथून निघून गेल्या. ज्या धोरणासाठी वालचंद यांनी पंधरा वर्षे दारे ठोठावली, ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आले.

सर्वांत शेवटी येणारा भाग

मोटारीच्या सुट्या भागांचे देशीकरण एका दमात होत नाही. बंपर, आसने, पाटे, रेडिएटर हे भाग तुलनेने लवकर जमतात. इंजिनाचे ओतीव काम त्यानंतर. बेअरिंग या रांगेत फार मागे उभे असते. दिसायला ते साधे. दोन पोलादी कडी, त्यांच्यामध्ये छर्रे किंवा रोलर, ते जागेवर ठेवणारा पिंजरा. पण त्यासाठी क्रोमियम मिसळलेले शुद्ध पोलाद लागते, ते नेमक्या तापमानाला कडक करावे लागते आणि छर्ऱ्यांची गोलाई मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळावी लागते. एक छर्रा इतरांहून किंचित मोठा असला तरी सगळा भार त्याच्यावर पडतो आणि बेअरिंग अकाली जाते. शिवाय हा कारखाना लाखोंच्या संख्येने माल काढेल तरच परवडतो. वर्षाला काही हजार मोटारी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःसाठी तो काढणे शक्यच नव्हते.

म्हणून हे काम इतरांनी केले. जयपूरला १९४६ साली स्थापन झालेल्या बिर्लांच्या कंपनीने पन्नासच्या दशकात बेअरिंगांचे उत्पादन वाढवत नेले. साठच्या दशकात स्वीडनच्या एसकेएफच्या सहकार्याने पुण्याजवळ चिंचवडला कारखाना उभा राहिला, वडोदऱ्याला जर्मन सहकार्याने दुसरा. इंजिनाच्या आत क्रँकशाफ्टला आधार देणारी ‘शेल’ बेअरिंगे निराळी असतात. त्यांत छर्रे नसतात. पोलादी पत्र्याच्या अर्धगोल पट्टीवर मऊ मिश्रधातूचा थर असतो आणि तेलाच्या पातळ पडद्यावर शाफ्ट फिरतो. ही शेल बनवणारा कारखाना कोइमतूरला निघाला. वालचंद यांनी कुर्ल्याला मोटार सुरू केली तेव्हा यांतील बहुतेक काही नव्हते. मोटारीचा कारखाना असल्याखेरीज बेअरिंगला गिऱ्हाईक नाही आणि बेअरिंग असल्याखेरीज मोटार आपली नाही, असा तो पेच होता. कोणीतरी आधी उडी घ्यायला हवी होती. ती त्यांनी घेतली.

यशाचा दुसरा चेहरा

संरक्षित बाजारपेठेने कंपनीला जगवले, तसे सुस्तही केले. १९६४ साली आलेली फियाट ११०० ‘डिलाइट’ सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि किरकोळ बदल वगळता या शतकाच्या आरंभापर्यंत तशीच राहिली. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची, मोटार मिळाली की नशीब मानायचे, असा तो काळ होता. वालचंद यांच्यासारख्या सतत नवे शोधणाऱ्या माणसाच्या कंपनीत हे घडावे, यातील विषाद लपवण्याचे कारण नाही. ऐंशीच्या दशकात मारुती आली, नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला आणि कुर्ल्याची मोटार मागे पडली.

मात्र याच साचलेपणाचा एक लाभ आजच्या हौशी मालकाला मिळतो आहे. जवळजवळ साडेतीन दशके एकच मोटार बनत राहिल्याने तिचे भाग बनवणारे असंख्य लहानमोठे कारखाने देशभर उभे राहिले, आणि मुंबईच्या हजारो काळ्यापिवळ्या टॅक्सींनी त्या भागांना रोजचे गिऱ्हाईक पुरवले. टॅक्सीवाल्यांना मोटार बंद ठेवणे परवडत नसे, म्हणून भाग स्वस्त आणि लगेच मिळणारा हवा असे. वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि तो मोठा गिऱ्हाईकवर्गही तिच्याबरोबर गेला. ज्या भागांचा खप रोजचा होता, ते आता हौशी लोकांपुरते उरले. खामगाव-मलकापूरच्या मालकाला आज जी वणवण करावी लागते, तिचे एक कारण हे आहे.

शोध घेणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी अजूनही आहेत. छर्ऱ्यांच्या बेअरिंगची मापे जगभर ठरलेली आहेत आणि ती कड्यावर कोरलेल्या क्रमांकात दडलेली असतात. ६२०५ या क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही कंपनीचे असो, त्याच्या आतील छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर असते. शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की छिद्राचे माप निघते. ०४ पासून पुढे हा नियम लागू पडतो. म्हणजे मोटार बंद झाली, कंपनी गेली, तरी क्रमांक वाचता आला तर बेअरिंग मिळण्याची शक्यता राहते. म्हणून जुने बेअरिंग फेकून न देता पुसून, क्रमांक टिपून, सोबत घेऊन बाजारात जावे, ही जाणत्या मिस्त्र्यांची रीत आहे. क्रमांकामागची अक्षरेही पाहावी लागतात, कारण छर्ऱ्यांना किती मोकळीक ठेवली आहे, बाजूला झाकण आहे की नाही, हे ती सांगतात.

शेल बेअरिंगचा प्रश्न अधिक नाजूक. क्रँकशाफ्ट झिजला की तो घासून किंचित बारीक करतात आणि त्या मानाने जाड शेल बसवतात. ही मापे इंचाच्या हजाराव्या भागांत दहा, वीस, तीस अशी चढत जातात. फियाटच्या मापात ०.२५४, ०.५०८ आणि ०.७६२ मिलिमीटर. शाफ्ट आधी कितीदा घासला आहे हे न मोजता शेल विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. तीसच्या शेलपर्यंत आलेल्या इंजिनाला पुढची वाट थोडीच उरते.

बाजारात बनावट मालही भरपूर आहे. नामांकित कंपनीचे खोके, हुबेहूब छपाई, पण आत हलक्या पोलादाचे कडे. किंमत संशयास्पद कमी असणे, कोरीव क्रमांक पुसट किंवा वाकडा असणे, फिरवताना हाताला खरखर जाणवणे ही त्याची लक्षणे. अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेले बेअरिंग दोन पैसे महाग पडते, परंतु महामार्गावर निखळलेल्या चाकाच्या मानाने ते स्वस्तच. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला जुना अस्सल माल मिळाला तर आनंद होतो. त्यातील ग्रीस मात्र सुकलेले असते आणि कधी बारीक गंज चढलेला असतो. शंकू आकाराच्या रोलरचे बेअरिंग बदलताना आतला आणि बाहेरचा असे दोन्ही भाग जोडीने बदलावेत. जुन्या कड्यावर नवे रोलर फार दिवस टिकत नाहीत.

मागे उरलेले

वालचंद यांच्या नावाच्या खुणा महाराष्ट्रात जागोजागी आहेत. इंदापूर तालुक्यात त्यांच्या साखर कारखान्याभोवती वसलेले वालचंदनगर पुढे जड यंत्रसामग्री बनवू लागले. मालेगाव तालुक्यातील रावळगावचे नाव तेथील गोळ्यांमुळे घरोघरी पोहोचले. सांगलीला १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ साली त्यांचे नाव देण्यात आले आणि तेथून बाहेर पडलेले अभियंते देशभरच्या कारखान्यांत गेले. २००४ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. विमानाचा कारखाना आणि जहाजाची गोदी या दोन्ही संस्था सरकारी मालकीच्या झाल्या. मोटारीचा कारखाना तेवढा शेवटपर्यंत घराण्याच्या नावाशी बांधलेला राहिला, आणि तोच काळाच्या ओघात सर्वांत आधी मावळला.

तरीही त्या मावळण्यातून काही उरले आहे. पुणे-चिंचवडच्या पट्ट्यात आज जे सुट्या भागांचे कारखाने आहेत, त्यांतील माल परदेशी मोटारींतही बसतो. १९४७ साली खोकी बाहेरून आत येत होती. आता ती आतून बाहेरही जातात. या बदलाचे श्रेय एकट्या वालचंद यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. जुळणीवर समाधान मानायचे नाही, भाग येथेच बनला पाहिजे, हा हट्ट मात्र ज्यांनी आरंभी धरला त्यांत ते अग्रभागी होते.

खामगावच्या गॅरेजात जुनी पद्मिनी जॅकवरून खाली उतरते. चाकात बसवलेल्या नव्या बेअरिंगच्या कड्यावर क्रमांक असतो आणि त्याशेजारी ते जेथे बनले त्या देशाचे नाव. मिस्त्री ग्रीस भरून टोपी ठोकतो, चाक हाताने फिरवतो. ते आवाज न करता बराच वेळ फिरत राहते. मालकाच्या दृष्टीने काम फत्ते झालेले असते. कड्यावरचे ते देशाचे नाव ‘भारत’ असावे, यासाठी कोणीतरी सोलापुरातून निघाले होते.